पडद्यावर घर काढूया : चौकटीची वही आणि सी भाषेतलं ग्राफिक्स



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय संगणकाचा आहे, पण अर्ध्याहून जास्त काम चौकटीच्या वहीवर, पेन्सिल आणि पट्टीने होणार आहे. त्यामुळे ‘आमच्या शाळेत एकच संगणक आहे’ किंवा ‘आम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही’ म्हणून हा लेख बंद करू नका. मलाही दोन वर्षांपूर्वी यातलं काही येत नव्हतं.

झालं असं, की माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. तो सुट्टीत आमच्याकडे आला होता आणि त्याला ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’चं प्रॅक्टिकल पूर्ण करायचं होतं. सी भाषेत प्रोग्रॅम लिहून पडद्यावर रेषा, वर्तुळ, आयत काढायचे. तो मित्राच्या फाइलमधून आकडे जसेच्या तसे उतरवत होता. मी सहज विचारलं, “हे २००, २४० काय आहे?” तो म्हणाला, “माहीत नाही मावशी, पण असं टाकलं की घर येतं.”

मी ते आकडे पाहिले आणि लक्षात आलं, अरे, हे तर आपण सहावी-सातवीला शिकवतो तेच आहे! दोन संख्यांनी बिंदूची जागा सांगायची, त्रिज्या सांगून वर्तुळ काढायचं, समोरासमोरचे दोन कोपरे सांगून आयत काढायचा. भाच्याला पाचही आदेश पाठ होते. ‘मोजायचं कुठून’ एवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून आपण आज तिथूनच सुरुवात करू.

पडदा म्हणजे मोठी चौकटीची वही

संगणकाचा पडदा अगदी बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. आधी ठिपके मांडलेले, मग कोणते जोडायचे ते आपण ठरवतो. पडद्यावरही ठिपके आधीपासून असतात. चित्र काढायचं म्हणजे कोणता ठिपका कोणत्या रंगात उजळायचा हे सांगायचं.

आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत अजून टर्बो सी वापरतात. हे बोर्लँड कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या ग्राफिक्सच्या भागाला बीजीआय म्हणजे ‘बोर्लँड ग्राफिक्स इंटरफेस’ म्हणतात. त्यात नेहमी वापरला जाणारा पडदा आडवा ६४० आणि उभा ४८० पिक्सेलचा असतो. मुलांना गुणाकार करायला सांगा : ६४० × ४८० = ३,०७,२०० ठिपके.

यात रंग १६ मिळतात, ० ते १५ क्रमांकाचे. ० म्हणजे काळा, १ निळा, २ हिरवा, ४ लाल, ६ तपकिरी, १४ पिवळा आणि १५ पांढरा. सोळाच का? कारण प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायला ४ बिट वापरलेले असतात आणि २ × २ × २ × २ = १६. मोठ्या मुलांना पुढचा हिशोबही देता येईल. ३,०७,२०० ठिपके, प्रत्येकी ४ बिट, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे पूर्ण पडद्यासाठी १,५३,६०० बाइट लागतात. घातांकाचं याहून चांगलं शाब्दिक उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मोजायचं कुठून?

आता पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पडद्याचा आरंभबिंदू (०, ०) हा वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. पहिली संख्या एक्स, ती डावीकडून उजवीकडे वाढते. दुसरी संख्या वाय, ती वरून खाली वाढते. मोजणी शून्यापासून असल्यामुळे शेवटचा उजवा-खालचा ठिपका (६३९, ४७९) असतो, (६४०, ४८०) नाही.

आपल्याला सवय असते उलटी. स्तंभालेख काढताना शून्य खाली असतं आणि संख्या वर चढत जातात. नववीच्या निर्देशक भूमितीतही वाय-अक्षाची धन बाजू वरच असते. मग संगणकाने हे उलटं का केलं?

कारण जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात आहे. आपले जुने जाडजूड टीव्ही आठवा. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचा, उजवीकडे एक ओळ पूर्ण करायचा, मग खालच्या ओळीवर यायचा, असं करत तळापर्यंत जायचा. संगणकाच्या स्मृतीतही ठिपक्यांची माहिती त्याच क्रमाने ठेवली गेली. मुलांना सांगताना मी एवढंच सांगते : “आपण मराठी पुस्तक वाचतो ना, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली? संगणकही पडदा तसाच वाचतो.” एवढ्याने त्यांना पटतं.

वहीवरची कृती

साहित्य : आलेख कागद किंवा चौकटीच्या वहीची दोन पानं जोडून, पेन्सिल, पट्टी, कंपास.

१. आडव्या ३२ आणि उभ्या २४ चौकटींचा मोठा आयत आखा. हा आपला पडदा. एक चौकट म्हणजे २० पिक्सेल धरा. (३२ × २० = ६४० आणि २४ × २० = ४८०.)

२. वरच्या डाव्या कोपऱ्यावर ० लिहा. वरच्या कडेवर ० ते ३२ आणि डाव्या कडेवर वरून खाली ० ते २४ असे आकडे लिहा.

३. आता घर काढा.

- भिंत : (१०, १२) पासून (२२, २०) पर्यंत आयत.
- छप्पर : (१०, १२) पासून (१६, ७) पर्यंत आणि तिथून (२२, १२) पर्यंत दोन तिरक्या रेषा.
- दार : (१५, १५) पासून (१७, २०) पर्यंत आयत.
- डावी खिडकी : (११, १४) पासून (१४, १७) पर्यंत चौरस.
- जमीन : (०, २०) पासून (३२, २०) पर्यंत रेषा.
- सूर्य : केंद्रबिंदू (२७, ४), त्रिज्या २ चौकटी.

४. उजवी खिडकी मुद्दाम दिलेली नाही. घराचा मधला उभा अक्ष १६ वर आहे. डावी खिडकी त्याच्यापासून ५ ते २ चौकटी अंतरावर आहे. आरशातल्यासारखी उजवी खिडकी कुठे येईल? मुलांना शोधू द्या. (उत्तर : (१८, १४) ते (२१, १७).) इथे सममितीची उजळणी आपोआप होते.

५. शेवटी प्रत्येक संख्येला २० ने गुणून दुसरा तक्ता बनवायचा. भिंत (२००, २४०) ते (४४०, ४००), छपराचं टोक (३२०, १४०), सूर्याचं केंद्र (५४०, ८०) आणि त्रिज्या ४०.

माझ्या भाच्याच्या फाइलमध्ये २०० आणि २४० होते ना? ते कुठून येतात, हे तुमच्या सातवीच्या मुलाला आता माहीत आहे.

आता आदेश

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार केली. तिच्यात मुळात चित्र काढायचे आदेश नाहीत. ते वेगळ्या संग्रहातून म्हणजे लायब्ररीतून घ्यावे लागतात. टर्बो सीमध्ये त्या संग्रहाचं नाव ‘ग्राफिक्स.एच’.

एक सूचना : खाली मी सर्व आदेश देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे वाचून अर्थ कळेल. संगणकावर टाइप करताना ते इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचे. फक्त ‘डिटेक्ट’ हा शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत. ‘कलर’चं स्पेलिंग अमेरिकन पद्धतीचं, म्हणजे ‘यू’ शिवाय. या एका ‘यू’मुळे आमचा अर्धा तास गेला होता.

प्रोग्रॅमचा सांगाडा असा :

#इन्क्लूड <ग्राफिक्स.एच>
#इन्क्लूड <कोनिओ.एच>
इंट मेन() {
इंट जीडी = डिटेक्ट, जीएम;
इनिटग्राफ(&जीडी, &जीएम, "सी:\\टीसी\\बीजीआय");
… इथे आपलं चित्र …
गेटच();
क्लोजग्राफ();
रिटर्न ०;
}

प्रत्येक ओळीचं काम साध्या भाषेत बघू.

‘इनिटग्राफ’ : ‘इनिशियलाइज’ची पहिली चार अक्षरं आणि पुढे ‘ग्राफ’. हा आदेश पडद्याला अक्षरांच्या अवस्थेतून चित्रांच्या अवस्थेत नेतो. ‘डिटेक्ट’ म्हणजे कोणत्या प्रकारचा पडदा आहे ते तूच ओळख. अवतरणचिन्हांत बीजीआय फोल्डरचा पत्ता असतो. सी भाषेत एकेरी तिरकी रेघ वेगळ्या कामासाठी राखून ठेवलेली आहे, म्हणून पत्त्यात ती दोनदा लिहायची.

‘गेटच’ : ‘गेट’पुढे ‘सी’ आणि ‘एच’. कोणती तरी कळ दाबेपर्यंत थांब, असा याचा अर्थ. ही ओळ विसरली तर चित्र क्षणात येतं आणि निघून जातं. मूल म्हणतं, “काहीच आलं नाही.” खरं तर येऊन गेलेलं असतं.

‘क्लोजग्राफ’ : चित्रांची अवस्था बंद कर. वर्ग संपल्यावर फळा पुसतो तसं.

आता आपल्या घराचे आदेश :

सेटकलर(१५);
रेक्टँगल(२००, २४०, ४४०, ४००);
लाइन(२००, २४०, ३२०, १४०);
लाइन(३२०, १४०, ४४०, २४०);
रेक्टँगल(३००, ३००, ३४०, ४००);
रेक्टँगल(२२०, २८०, २८०, ३४०);
रेक्टँगल(३६०, २८०, ४२०, ३४०);
लाइन(०, ४००, ६३९, ४००);
सर्कल(५४०, ८०, ४०);

बघा, ‘लाइन’ला चार संख्या लागतात : पहिल्या टोकाचे एक्स-वाय आणि दुसऱ्या टोकाचे एक्स-वाय. ‘रेक्टँगल’लाही चारच : डावा, वरचा, उजवा, खालचा. ‘सर्कल’ला मात्र तीन : केंद्राचे दोन आणि त्रिज्या. मुलांना विचारा, “आयताला चार कोपरे असतात, मग दोनच का सांगितले?” उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. बाजू आडव्या-उभ्या असतील तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरून उरलेले दोन निश्चित होतात. तिरका आयत हवा असेल तर ‘रेक्टँगल’ चालत नाही, चार रेषा काढाव्या लागतात.

जिथे मी चुकले

हे लिहू की नको असं वाटत होतं. पण आपण सगळे शिक्षक आहोत, म्हणून लिहिते.

पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा वर दिलेले आकडे मी दिले नव्हते. मुलांना फक्त सांगितलं होतं, “चौकटीवर तुमचं घर काढा आणि बिंदू लिहून आणा.” शून्य कुठे, हे मी सांगितलंच नव्हतं. एका मुलीने सुरेख तक्ता करून आणला. जमीन ४ वर, भिंतीची वरची कड १२ वर, छपराचं टोक १७ वर, सूर्य २० वर. मी तिचे आकडे लॅपटॉपवर टाकले आणि पडद्यावर घर उलटं! छप्पर खाली, जमीन वर, सूर्य तळाशी. वर्ग खो-खो हसला. मीही हसले. “उलटं मोजलंस गं,” म्हणत तिच्या वहीत लाल फुली केली. ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन तिने खोडरबराने पूर्ण तक्ता खोडला. पुढचा तासभर तिने हात वर केला नाही.

घरी वह्या तपासताना ते पान पुन्हा समोर आलं. खोडलेले आकडे पुसट दिसत होते. मी ते खालून मोजून पाहिले. एकही चुकीचा नव्हता. स्तंभालेखात मीच तिला शिकवलं होतं की शून्य खाली असतं. तिने तेच केलं होतं. चूक होती ती माझी, मी आरंभबिंदू न सांगता उत्तर तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसं स्पष्ट सांगितलं. माझी फुली खोडली आणि तिला म्हटलं, “तुझं मोजणं बरोबर आहे, फक्त संगणक वरून मोजतो. तुझेच आकडे त्याच्या भाषेत बदलता येतील का?” ती फळ्यापाशी आली. थोडा वेळ चौकटी मोजत राहिली. मग म्हणाली, “बाई, चोवीसमधून वजा केलं की येतं. पण फक्त दुसरा आकडा. पहिला तोच ठेवायचा.”

करून बघा : २४ − ४ = २०, जमीन. २४ − १२ = १२, भिंतीची वरची कड. २४ − १७ = ७, छपराचं टोक. २४ − २० = ४, सूर्य. वर तुम्हाला दिलेले घराचे आकडे तिचेच आहेत.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. उत्तर वेगळं आलं की लाल पेन उचलण्याआधी विचारते, “तू कुठून मोजलंस?” दर वेळी मूल बरोबर असतंच असं नाही. पण ते कुठून निघालं हे कळल्याशिवाय त्याला रस्ता दाखवता येत नाही. पालकांनीही घरी हे करून बघावं. घड्याळ, नकाशा, पट्टी, सगळीकडे उपयोगी पडतं.

रंग भरताना : फट राहिली की रंग सांडतो

मुलांना सर्वांत जास्त मजा इथे येते. रंग भरायला दोन आदेश लागतात.

सेटफिलस्टाइल(१, ४);
फ्लडफिल(३२०, २००, १५);

पहिल्या आदेशात १ म्हणजे पूर्ण भरीव रंग आणि ४ म्हणजे लाल. दुसऱ्या आदेशात (३२०, २००) हा छपराच्या आतला कोणताही एक बिंदू आणि १५ हा सीमेचा रंग. अर्थ असा : या बिंदूपासून रंग ओतायला सुरुवात कर आणि पांढरी सीमा लागेपर्यंत सगळीकडे पसरव.

‘फ्लड’ म्हणजे पूर, आणि हा रंग खरंच पुराच्या पाण्यासारखा वागतो. बांध पक्का असेल तर आत राहतो. शेतकऱ्यांच्या मुलांना वाफ्यात पाणी सोडणं माहीत असतं, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

प्रयोग १ : छपराची दुसरी रेषा (४४०, २४०) ऐवजी (४४०, २३६) वर संपवा आणि छपरात लाल रंग भरा. भिंत आणि रेषा यांच्यामध्ये बारीक फट राहते. डोळ्यांना ती पटकन दिसतही नाही. पण लाल रंग तिथून बाहेर पडतो आणि सगळं आभाळ लाल होतं. ‘बंदिस्त आकृती’ची व्याख्या मुलं यानंतर विसरत नाहीत.

प्रयोग २ : सूर्य पिवळ्या रेषेने काढा, म्हणजे आधी सेटकलर(१४). मग भरायचा रंगही पिवळा ठेवा, पण ‘फ्लडफिल’मध्ये सीमा १५च राहू द्या. काय होईल? संगणक पांढऱ्या रेषेच्या शोधात निघतो. पिवळी रेषा त्याच्या दृष्टीने सीमा नाहीच. रंग सूर्याबाहेर पडून पूर्ण आभाळभर पसरतो आणि छप्पर, भिंत, जमिनीची पांढरी रेषा यांना टेकूनच थांबतो. जमिनीखालचा भाग मात्र काळाच राहतो. का, ते मुलांना विचारा.

प्रयोग आधी वहीवर सांगून उत्तर लिहून घ्या आणि मगच संगणकावर दाखवा. अंदाज बांधून मग तपासणं, विज्ञानात आपण हेच शिकवतो ना?

तिरकी रेषा पायऱ्यांची का दिसते?

एका मुलाने पडद्याजवळ नाक नेऊन विचारलं, “बाई, छपराला पायऱ्या का आहेत?” प्रश्न फार चांगला होता. ठिपके चौकटीत बसवलेले आहेत. रेषा दोन ठिपक्यांच्या मधून गेली, तरी संगणकाला त्यातला एकच निवडावा लागतो.

वहीवर करून बघा. एक चौकट म्हणजे आता एक पिक्सेल. (०, ०) पासून (७, ३) पर्यंत रेषा हवी. एक्स एकाने वाढला की वाय ३/७ ने वाढतो, साधारण ०.४३. एक्स १ ते ७ साठी वाय येतो ०.४३, ०.८६, १.२९, १.७१, २.१४, २.५७ आणि ३. जवळची पूर्ण संख्या घ्या : ०, १, १, २, २, ३, ३. त्या चौकटी रंगवा. दोन-दोन चौकटींच्या पायऱ्या दिसतील. निकटतम पूर्णांकाचा सराव झाला आणि प्रश्नाचं उत्तरही मिळालं.

यातही एक गंमत आहे. जुन्या संगणकांना अपूर्णांकांचा हिशोब फार वेळखाऊ होता. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेसेनहॅम यांनी १९६२मध्ये अशी रीत शोधली, की फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि तुलना करून पुढचा ठिपका ठरवता येतो. ती १९६५मध्ये प्रसिद्ध झाली. आजही संगणक ग्राफिक्सच्या अभ्यासक्रमात ती शिकवतात. भाच्याच्या फाइलमध्येही ती होती.

वर्तुळासाठी सममिती कामाला येते. केंद्र (०, ०) आणि त्रिज्या ५ असेल तर (३, ४) हा बिंदू वर्तुळावर असतो. मग संख्यांची जागा आणि चिन्ह बदलून आणखी सात बिंदू फुकट मिळतात : (४, ३), (−३, ४), (−४, ३), (३, −४), (४, −३), (−३, −४), (−४, −३). म्हणजे वर्तुळाचा आठवा भाग मोजला की पूर्ण वर्तुळ काढता येतं.

एका ओळीत पुष्कळ काम

पाण्यात खडा टाकला की तरंग उठतात तसं चित्र हवं असेल तर दहा वेळा ‘सर्कल’ लिहायची गरज नाही.

फॉर (आर = २०; आर <= २००; आर = आर + २०)
सर्कल(३२०, २४०, आर);

त्रिज्या २०, ४०, ६० करत २०० पर्यंत जाते. २० चा पाढाच आहे हा! केंद्र एकच, म्हणून ही एककेंद्री वर्तुळं.

आणि ही ९ × ९ ठिपक्यांची रांगोळी :

फॉर (वाय = ८०; वाय <= ४००; वाय = वाय + ४०)
फॉर (एक्स = १६०; एक्स <= ४८०; एक्स = एक्स + ४०)
सर्कल(एक्स, वाय, २);

एकूण ८१ ठिपके, पडद्याच्या बरोबर मध्यावर. आर, एक्स, वाय ही नावं ‘इंट’ लिहून आधी जाहीर करायची, आणि टर्बो सीमध्ये ती कंसाच्या सुरुवातीलाच, म्हणजे ‘इनिटग्राफ’च्या आधी लिहायची. ठिपके आले की पुढे रेषा कोणत्या जोडायच्या हे वर्गातल्या ताईमंडळींवर सोपवा. आमच्याकडे मुलांपेक्षा त्यांच्या आयांनी जास्त आकडे सुचवले!

हमखास येणाऱ्या अडचणी

- विंडोज ६४ बिटची असेल तर टर्बो सी थेट चालत नाही, कारण ते १६ बिटच्या डॉस काळातलं आहे. डॉसबॉक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून ते चालवता येतं.
- ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा बीजीआय फोल्डरचा पत्ता चुकलेला असतो.
- ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून ‘सर्कल’ किंवा ‘लाइन’चं नाव आलं तर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज इथे जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करा.
- ‘आर्क’ या आदेशाने कंस निघतो. त्यात कोन मात्र गणितासारखेच मोजतात : घड्याळातल्या ३ वाजताच्या जागेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. वाय खाली वाढतो, तरी ० ते १८० अंश म्हणजे वरचाच अर्धा भाग. इथे मोठी माणसंही गोंधळतात.

कोणी म्हणेल, एवढं जुनं सॉफ्टवेअर कशाला? बरोबर आहे. सी भाषेसाठी रेलिबसारख्या नव्या मोफत लायब्ररी आहेत आणि त्या आजच्या संगणकावर सरळ चालतात. पण तिथेही आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यातच असतो, वर्तुळाला केंद्र आणि त्रिज्याच लागते. आदेशांची नावं बदलतात, वहीवरचं काम तेच राहतं.

स्वाध्याय

१. घराशेजारी झाड काढा : खोड रेक्टँगल(८०, ३२०, १००, ४००) आणि वर सर्कल(९०, २८०, ४०). वर्तुळ खोडाला बरोबर टेकेल का? आकडेमोड करून सांगा.
२. पूर्ण घर १०० पिक्सेल डावीकडे सरकवायचं आहे. कोणत्या संख्या बदलतील आणि कोणत्या नाहीत?
३. सर्कल(६२०, ८०, ४०) असा सूर्य काढला तर काय दिसेल?
४. हसरा चेहरा काढायचा आहे. तोंडाच्या कंसासाठी ० ते १८० अंश घ्यायचे की १८० ते ३६०?

उत्तरं : १) हो, २८० + ४० = ३२०. २) सर्व एक्स १०० ने कमी होतील, वाय तसेच राहतील. (मुलांना विचारा, सूर्यही सरकवायचा का? आणि सरकवला तर त्याची त्रिज्या बदलेल का?) ३) सूर्याची उजवी बाजू कापली जाईल, कारण ६२० + ४० = ६६० आणि पडदा ६३९ वर संपतो. ४) १८० ते ३६०. उलट केलं तर चेहरा रडका होईल.

पालकहो, शेवटी एक विनंती. हल्ली ‘कोडिंग’च्या नावाने मोठ्या फीचे वर्ग निघालेत. मुलाला पाठवायचं की नाही, तो निर्णय तुमचा. पण मूल घरी आल्यावर त्याने काढलेल्या चित्रातल्या एका आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, “हा कुठून आला?” त्याने वहीवर चौकटी मोजून दाखवल्या तर समजा शिकतंय. “असं टाकलं की येतं,” म्हणालं तर त्याच्यासोबत वही घेऊन बसा. पाच रुपयांचा आलेख कागदही पुरतो.

आणि हो, माझ्या भाच्याने सुट्टी संपण्याआधी घराशेजारचं झाड स्वतः आकडे काढून जोडलं. तोंडी परीक्षेत सरांनी त्याला नेमकं तेच विचारलं, “हे २८० कुठून आलं?” त्याने कागद मागून घेतला आणि चौकटी आखून दाखवल्या.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय विचारलं ते मला नक्की कळवा.